उभं राहणाऱ्याला काय भेटतं?

फेब्रुवारी २०२१. वसमत तालुक्यातलं आमचं घर, रात्रीचे साडेअकरा, गच्ची. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गावी आलो होतो तो तिथेच राहिलो होतो, कारण ऑफिस लॅपटॉपवर चालत होतं. मोबाईलला रेंज मात्र फक्त गच्चीवर यायची. दर शनिवारी रात्री आम्हा चौघा कॉलेजच्या मित्रांचा व्हिडिओ कॉल असायचा आणि त्यावर आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचो.

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिलेल्यांना किंवा 'बाल्डर्स गेट ३' खेळलेल्यांना हे नाव नवीन नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक जण डीएम होतो, तो जग आणि शत्रू चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. बस, एवढंच. त्यासाठी मैदान लागत नाही, दम लागत नाही, आणि आमच्याकडे तर फासेही नव्हते, मोबाईलवरचं ॲप होतं.

माझं पात्र होतं पिंगळा. जातीने हाफलिंग, म्हणजे जेमतेम तीन फुटांचा बुटका, आणि धंद्याने चोर. एका मित्राचा फायटर होता, ढाल-तलवारवाला. त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण आम्ही त्याला बुरूज म्हणायचो. तिसऱ्याचा जादूगार.

त्या रात्री पडक्या देवळाच्या सभामंडपात दोन ओगर भेटले. ओगर म्हणजे आपल्या गोष्टीतला राक्षस, नऊ-दहा फूट उंच, हातात झाडाच्या बुंध्याएवढा सोटा. बुरूज पुढे गेला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. मी प्रत्येक फेरीत एकच गोष्ट करत होतो: खांबाआडून यायचं, ओगरला भोसकायचं, निसटून परत खांबामागे. तिसऱ्या फेरीत बुरूज कोसळला. चौथ्या फेरीत आम्ही लढाई जिंकली. जिवंत राहण्यासाठी बुरूजने फासे टाकले, ते तिन्ही हुकले. पिंगळ्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. जीव ३८ पैकी ३८. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला.

मित्राने हसणारा इमोजी टाकला. पुढच्या शनिवारी त्याला काम होतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही होतं. ग्रुप त्याने सोडला नाही, फक्त खेळायला यायचं बंद केलं.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला दादा बाजेवर पडला होता. हळदीची काढणी चालू होती, दिवसभर रानात होता. त्याला यातलं काही कळत नाही असा माझा समज होता. कॉल संपल्यावर त्याने विचारलं, "तो जो मधी उभा होता रे, त्याला काय भेटतं?"

"म्हणजे?"

"तू मारून पळतूस. तो उभा राहतो. त्याला काय भेटतं?"

पॉइंट सगळ्यांना सारखेच मिळतात, असं काहीतरी मी बोललो. तो "हां" म्हणाला आणि कुशीवर वळला.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात शोधायचा प्रयत्न आहे. पुस्तक म्हणजे २०१४ साली आलेलं 'प्लेयर्स हँडबुक', या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं मुख्य नियमपुस्तक. नियमपुस्तकाची समीक्षा कशी करायची, असं कोणी विचारेल. माझ्या मते कादंबरीची करतो तशीच. पुस्तक काय दाखवतं आणि त्याचे नियम प्रत्यक्षात काय घडवतात, हे शेजारी ठेवून बघायचं.

ओगर पिंगळ्यापेक्षा वेगवान आहे

सगळ्यात आधी एक आकडा. या पुस्तकात हाफलिंगचा वेग फेरीला २५ फूट आहे. माणसाचा ३०. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये ओगरचा वेग दिला आहे ४० फूट.

मी कित्येक महिने चपळ पात्र खेळत होतो आणि हे कधी बघितलंच नव्हतं. मी बघत होतो डेक्स्टेरिटी १८, म्हणजे चपळाईचा गुण. तो गुण नेम, बचाव आणि लपणं सुधारतो. पाय लांब करत नाही.

आता चोराचा लाडका डाव या आकड्यांवर तपासू. दुसऱ्या पातळीला चोराला 'कनिंग ॲक्शन' मिळते. म्हणजे वार केल्यावर त्याच पाळीत जादाची एक हालचाल: पळणं, लपणं किंवा 'डिसएंगेज', म्हणजे अंग चोरून सटकणं. सटकण्याची गरज का? कारण शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून नुसतेच बाहेर पडलात, तर तो तुमच्यावर एक फुकटचा फटका मारू शकतो. पुस्तकात त्याला 'अपॉर्च्युनिटी अटॅक' म्हणतात. डिसएंगेज केलं की तो टळतो.

समजा मंडपात पिंगळा एकटा आहे. दहा फूट पुढे आला, वार केला, डिसएंगेज, उरलेले पंधरा फूट मागे गेला. आता ओगरची पाळी. त्याच्याकडे चाळीस फूट आहेत. तो आरामात चालत येतो आणि सोटा घालतो. पिंगळ्याच्या सगळ्या कसरतीचा उपयोग शून्य. पळण्याचा पर्याय घेतला तर तो पन्नास फूट जाऊ शकतो, पण मग डिसएंगेज नाही, म्हणजे निघतानाच फटका.

आता मध्ये बुरूज उभा करा. ओगरला पिंगळ्याकडे यायचं तर बुरूजच्या टप्प्यातून बाहेर पडावं लागतं आणि बुरूजचा फुकटचा फटका खावा लागतो. म्हणून तो येत नाही. समोरच्यालाच मारत राहतो. म्हणजे माझी 'मारा आणि पळा' ही युक्ती माझ्या पायांवर चालत नव्हती. ती बुरूजच्या पायांवर चालत होती, कारण त्याचे पाय हलत नव्हते.

चोराचा इतिहास, दोन परिच्छेदांत

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. पहिल्या पेटीत चोर नव्हताच. लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच. चोर आला १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत, 'थीफ' याच नावाने. (२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचं नाव 'रोग' झालं. मराठीत लिहिलं की आजार वाटतो, म्हणून मी चोरच म्हणतोय.) त्या पहिल्या चोराची लढाईतली खासियत साधी होती: गुपचूप मागून वार केला की नेम जास्त लागायचा आणि इजा दुप्पट व्हायची. अट एकच, शत्रूची पाठ. दुसऱ्या कोणाची गरज नाही.

तिसऱ्या आवृत्तीत हा वार 'स्नीक अटॅक' झाला. तो लागू होण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे शत्रूच्या बरोब्बर पलीकडच्या बाजूला तुमचा साथीदार उभा असणं. २०१४ मध्ये ते आणखी सोपं झालं. आता नियम असा: तुम्हाला नेमाचा वरचष्मा असेल तर स्नीक अटॅक लागतो. वरचष्मा नसेल तरीही लागतो, जर तुमच्या लक्ष्याचा दुसरा एखादा शत्रू त्याच्यापासून पाच फुटांच्या आत, शुद्धीवर उभा असेल आणि तुमच्या नेमात काही अडथळा नसेल. पाचव्या पातळीला या वाराने सहा बाजूंचे तीन फासे जास्तीचे मिळतात, सरासरी साडेदहा.

मला हा नियम आख्ख्या पुस्तकातलं सर्वात चांगलं लेखन वाटतो. शब्द बघा. 'तुमचा मित्र' असं तो म्हणत नाही, 'लक्ष्याचा दुसरा शत्रू' म्हणतो. दोन चोर-दरोडेखोर, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, तेही चालतील. पण कोणीतरी हवं. १९७५ च्या चोराला शत्रूची पाठ पुरत होती. २०१४ च्या चोराला शत्रूचं लक्ष वाटून घेणारा माणूस लागतो.

पुस्तक हे एकदाच सांगून थांबत नाही. हाफलिंगच्या 'लाइटफूट' या पोटजातीला एक गुण दिला आहे: आपल्यापेक्षा एका मापाने मोठा कोणीही समोर असला की तेवढ्या आडोशालाही त्याला लपता येतं. म्हणजे पिंगळा खरं तर खांबामागे लपायची गरजच नव्हती, तो बुरूजच्या मागेच लपू शकत होता. आणि चोराचं प्रकरण उघडतं तेच एका हाफलिंग बाईच्या चित्राने. ती साथीदारांना थांबायची खूण करते, कुलूप काढते आणि अंधारात शिरते. मग दार लाथेने उघडायला पुढे कोण येतो? तिचा फायटर मित्र. पहिल्याच परिच्छेदात सांगून ठेवलेलं आहे. आम्ही वाचलं नाही. आम्ही थेट तक्त्यावर गेलो, कुठल्या पातळीला किती फासे ते बघायला.

खो-खोचा पळणारा

दादाच्या प्रश्नानंतर मला सगळ्यात आधी आठवलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान. मी खो-खोत बऱ्यापैकी पळायचो. चांगला पळणारा म्हणजे वेगाने पळणारा, असं बाहेरून वाटतं. ज्याने खो-खो खेळलाय त्याला माहीत असतं की तसं नसतं.

नियम आठवून बघा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्हीची मुभा: हवं तेव्हा वळा, बसलेल्या गड्यांच्या मधून हवं तेव्हा पलीकडे जा. म्हणजे पाठलाग करणारा माझ्यापेक्षा वेगवान असला तरी तो बांधलेला आहे. माझी हुलकावणी त्याच्या त्या बंधनावर चालते. तो वचनबद्ध होईपर्यंत थांबायचं आणि मग वळायचं. आधी वळलात तर मेलात.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये हे बंधन म्हणजे 'रिॲक्शन'. प्रत्येक पात्राला आणि प्रत्येक राक्षसाला, स्वतःच्या दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, एकच रिॲक्शन मिळते. तो फुकटचा फटका याच रिॲक्शनमधून येतो. एकदा मारला की संपला, पुढच्या पाळीपर्यंत दुसरा नाही. त्यामुळे ओगरने बुरूजवर किंवा जादूगारावर तो फटका वापरला असेल, तर पिंगळ्याला डिसएंगेज करायची गरजच नाही. तो बिनधास्त निघू शकतो आणि ती जादाची हालचाल लपायला वापरू शकतो. लपला की पुढच्या वाराला वरचष्मा मिळतो. चांगला चोर स्वतःचा वेग मोजत नाही. समोरच्याची रिॲक्शन शिल्लक आहे की नाही, ते मोजतो.

इथे माझी दुसरी चूक सापडली. रिॲक्शन मलाही होती. पाचव्या पातळीच्या चोराला तिचा एक खास उपयोग मिळतो, 'अनकॅनी डॉज': दिसणाऱ्या शत्रूचा वार लागला तर त्याची इजा निम्मी करा. शिवाय स्नीक अटॅक 'एका पाळीत एकदा' आहे, 'एका फेरीत एकदा' नाही. म्हणजे ओगर माझ्या टप्प्यातून बाहेर जायला लागला, तर मी माझ्या रिॲक्शनने दुसऱ्यांदा भोसकू शकतो, आणि अट पुरी होत असेल तर ते तीन फासे पुन्हा मिळतात. फक्त या दोन्हींसाठी ओगरजवळ असावं लागतं. खांबामागे बसलेल्या चोराची रिॲक्शन दर फेरीला वाया जाते. माझी सगळी रात्र वाया गेली होती.

आणि खो-खोतली तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा आठवली. पळणारे तिघे एकत्र मैदानात उतरतात. पाठलाग एकावर येतो, बाकीचे दोघे बाजूला दम खातात. पण एकच जण सगळा वेळ ओढत बसत नाही. दमला की दुसरा मुद्दाम पाठलाग करणाऱ्याच्या नजरेत येतो, त्याला आपल्यावर घेतो. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. न केलं तर संघ लवकर बाद होतो, एवढंच कळत होतं.

गनिमी कावा आणि खिंड

मराठी मुलांच्या टेबलावर चोर खेळणाऱ्याला कोणीतरी हमखास म्हणतं, "गनिमी कावा कर ना." मीही म्हणायचो. हलकं सैन्य, अवघड वाट, अचानक वार, आणि शत्रू सावरायच्या आत पसार. शाळेच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात बसलेलं चित्र हेच.

पण त्याच पुस्तकातला एक प्रसंग या चित्रात नीट बसवून बघा. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. जुलैमधल्या पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. निसटणं हाच त्या रात्रीचा डाव होता, आणि आपण त्याला युक्तीची कमाल म्हणून सांगतो. मात्र ती युक्ती दोन जागी उभ्या राहिलेल्या माणसांवर टेकलेली होती. एक शिवा काशीद, जो महाराजांच्या वेशात पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती सापडला. दुसरे बाजीप्रभू देशपांडे, जे बांदल मावळ्यांना घेऊन घोडखिंडीत थांबले, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत. दोघेही परत आले नाहीत.

खेळाच्या भाषेत बोलायचं तर तो इतिहासातला सगळ्यात महाग डिसएंगेज होता.

मला इथे इतिहासापेक्षा आठवणीत रस आहे. त्या खिंडीचं आधीचं नाव घोडखिंड. आज आपण पावनखिंड म्हणतो, तेही उभा राहिला त्याच्यामुळे. २०२२ मध्ये सिनेमा आला, त्याचं नावही तेच. निसटण्याची गोष्ट सांगताना मराठी माणसाने जागेचं नाव मात्र थांबणाऱ्याच्या रक्तावरून ठेवलं. दादाच्या प्रश्नाला हे एक उत्तर झालं: नाव मिळतं. ते पुरेसं आहे का, हे सांगायला ती माणसं राहिली नाहीत. आणि आमच्या टेबलावर बुरूजला तेही मिळालं नाही. त्याला मिळाला माझा स्क्रीनशॉट.

हिशेब

आता तो हिशेब, जो मी त्या रात्री करायला हवा होता. बारावीचं गणित पुरतं.

ओगरचा वार लागण्यासाठी तो वीस बाजूंच्या फाशात ६ मिळवतो, आणि बेरीज समोरच्याच्या बचावाच्या आकड्याएवढी किंवा जास्त यावी लागते. बुरूजच्या अंगावर साखळ्यांचं चिलखत आणि ढाल, बचाव १८. म्हणजे फाशावर १२ किंवा वर यायला हवं, शक्यता ४५ टक्के. वार लागला तर सरासरी इजा १३. म्हणजे ओगरचा एक वार बुरूजला सरासरी पावणेसहाच्या आसपास पडतो.

पिंगळ्याचा बचाव १६. फाशावर १० हवेत, शक्यता ५५ टक्के. इजा तीच १३. सरासरी सातच्या थोडी वर. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे: चोर नाजूक, फायटर टणक.

पण अनकॅनी डॉज धरा. १३ चे निम्मे, अपूर्णांक सोडून ६. गुणिले ५५ टक्के, म्हणजे साडेतीनच्याही आत.

परत वाचा. एका ओगरचा एक वार बुरूजला जेवढा महाग पडत होता, त्याच्या साधारण साठ टक्केच तो पिंगळ्याला पडला असता. ही सूट फेरीतून एकाच वाराला आहे, दुसऱ्या ओगरच्या वाराला नाही, हे खरं. पण ओगर दोन होते आणि आम्हीही दोघे होतो. एकेक वाटून घेता आला असता. जीव किती होता? बुरूजचा ४४, पिंगळ्याचा ३८. फरक सहाचा. आम्ही चौघांनी 'नाजूक' आणि 'टणक' हे शब्द इतके गृहीत धरले होते की पाचव्या पातळीला ते आकड्यांत जवळजवळ उरलेच नाहीत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सगळ्यात कमी मार खाणारा होतो आणि म्हणून मी अजिबात मार खात नव्हतो.

मग चपळ पात्राने करायचं काय? मला आता एवढं समजलंय. पहिल्या फेरीत घाई करू नका, शत्रूंच्या रिॲक्शन कोणावर खर्च होतात ते बघा. एकटा मोठा शत्रू असेल तर एकाआड एक फेरी त्याच्यासमोर राहा, डॉज वापरा, साथीदाराला मागे सरू द्या. पुष्कळ लहान शत्रू असतील तर मात्र सटका, कारण डॉज एकदाच आहे आणि वार पाच येणार. आणि डिसएंगेज करण्याआधी एक प्रश्न: मी गेल्यावर हा कोणाकडे वळेल? उत्तर 'ज्याचा जीव आधीच निम्मा झालाय त्याच्याकडे' असेल, तर जाऊ नका.

पुस्तकाचा दोष

सगळी चूक माझी होती असं म्हणून लेख संपवता आला असता. ते खोटं ठरेल, कारण पुस्तकाचाही वाटा आहे.

हे पुस्तक चोराला सांगतं की तुला उभं राहणारा माणूस लागेल. पण उभं राहणाऱ्याला ते काय देतं? तोच एक फुकटचा फटका, जो सगळ्यांनाच आहे. लढण्याची एक शैली आहे, 'प्रोटेक्शन': शेजारच्या मित्रावरचा वार ढालीने अवघड करायचा, त्यातही ती एकुलती एक रिॲक्शन जाते. 'सेंटिनल' नावाचं एक कौशल्य खरोखर शत्रूला जागच्या जागी खिळवतं, पण २०१४ च्या पुस्तकात ही कौशल्यं ऐच्छिक आहेत, डीएमने परवानगी दिली तर. फायटरला बाकी जे मिळतं ते जास्त वार आणि स्वतःपुरता दम. थांबून दुसऱ्याला वाचवण्याबद्दल फार थोडं.

हे विसरून झालं असंही नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत फायटर ज्याच्यावर वार करी त्याच्यावर खूण बसे. मग त्याने दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर नेमात दोनचा तोटा, आणि शेजारी असेल तर फायटरचा फटका वर. उभं राहणं हे तिथे एक काम होतं, त्याला हत्यारं होती. ती आवृत्ती फार यांत्रिक आहे, व्हिडिओ गेमसारखी आहे, अशी ओरड झाली आणि २०१४ मध्ये इतर बऱ्याच गोष्टींबरोबर ही खूणही मुख्य नियमांतून गेली. चोराचे फासे राहिले. म्हणजे चपळाईचं श्रेय शाबूत राहिलं आणि ती ज्याच्यावर उभी आहे त्याची मजुरी कापली गेली.

२०२४ ची सुधारित आवृत्ती या बाबतीत बरी आहे. फायटरच्या तलवारीला आता एक हुकमत जोडता येते, जिचा वार लागला की शत्रूचा पुढचा हल्ला अडखळतो. आणि चोराला पाचव्या पातळीला 'कनिंग स्ट्राइक' मिळते, ती मला त्याहून महत्त्वाची वाटते. स्नीक अटॅकच्या फाशांतला एक फासा सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात काहीतरी घडवायचं. एक पर्याय आहे निम्म्या वेगाने सटकण्याचा. दुसरा आहे पाय अडकवून पाडण्याचा: ओगरच्या मापापर्यंतचा शत्रू तोल सावरू शकला नाही तर आडवा होतो, आणि आडव्या शत्रूवर जवळून वार करणाऱ्या सगळ्यांना वरचष्मा मिळतो. किंमत दोन्हींची तेवढीच, एक फासा. त्याच एका फाशात स्वतः सुटायचं की शेजारच्याचं काम सोपं करायचं, हे आता खेळणाऱ्याला दर वेळी निवडावं लागतं. निदान आता ते कागदावर दिसतं.

गेल्या वर्षी मी मित्राला हा सगळा हिशेब पाठवला, साठ टक्क्यांसकट. उत्तर तीन दिवसांनी आलं: "येतो. पण बुरूज मी नाही होणार." म्हणून आता तो चोर आहे आणि ढाल-तलवार माझ्याकडे. पहिल्याच रात्री मला कळलं की उभं राहणाऱ्याची पाळी चाळीस सेकंदात संपते आणि मग पंधरा मिनिटं इतरांचे डाव ऐकत बसावं लागतं. कंटाळा हेही एक प्रकारचं नुकसान आहे, त्याचा आकडा पुस्तकात नाही. दुसऱ्या रात्री त्याने एक फासा सोडून एका राक्षसाला आडवं पाडलं आणि म्हणाला, "मार." मी मारलं. त्याच्यापेक्षा जास्त आनंद मला झाला.

दादाच्या प्रश्नाला पुस्तकाचं उत्तर २०१४ मध्ये 'फार काही नाही' असं होतं, आता 'थोडंफार' असं आहे. दादाला हे मी सांगितलेलं नाही. दर वर्षी हळद काढायच्या दिवसांत फोन होतो, मी पुण्यात असतो, तो रानात. त्या रात्री त्याने खेळाबद्दलच विचारलं होतं, असं मी अजून तरी धरून चाललो आहे.